रंग हुकले, रेषा सापडली : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र असतेच असते. कधी लोकमान्य, कधी महात्मा फुले, कधी कर्मवीर अण्णा, तर कधी एखादा संतकवी. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. तेव्हा आमचे आदर्श साहित्यातले, इतिहासातले किंवा समाजकारणातले असावेत, असा एक अलिखित नियम आहे. हा नियम मोडून मी यंदा एका यांत्रिकाविषयी लिहिणार आहे. पण मित्रहो, घाईने पान उलटू नका. हा यांत्रिक मुळात आपल्याच गोटातला होता. तो मुंबईला गेला तो चित्रकार होण्यासाठी. त्याला कारखानदार व्हायचे नव्हते. नियतीने त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला, म्हणून त्याने पाना उचलला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. नाट्यप्रेमी वाचकांच्या कानाला हे गाव ओळखीचे वाटेल. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका लहानशा गावाने मराठी माणसाला संगीत नाटक दिले आणि लोखंडी नांगरही दिला, ही गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरात पोथ्या, पाठांतर आणि चर्चा. अशा घरात ज्या मुलाला पुस्तकात गोडी नाही त्याची काय अवस्था होत असेल, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. लक्ष्मणाचे लक्ष अभ्यासात लागेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि वस्तू खोलून बघणे. वडिलांना यात काही भवितव्य दिसत नव्हते. पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी धाकट्याची बाजू घेतली, आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

इथपर्यंतची कथा एखाद्या कलावंताच्या चरित्राला शोभेल अशीच आहे. पुढे मात्र ती वळण घेते. दोनेक वर्षे गेल्यावर असे ध्यानात आले, की लक्ष्मणरावांना काही रंगांतला भेदच नीट कळत नाही. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता. रेखाटन उत्तम, प्रमाण अचूक, हात स्थिर. पण रंगपेटी उघडली की सारे बिनसे. चित्रकलेची वाट तिथेच संपली.

इथे मला थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे मी वळलो तो या एका तपशिलामुळे. बारावीनंतर मी एका सरकारी नोकरीसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षेत पास झालो. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझ्यापुढे रंगीबेरंगी ठिपक्यांची पाने धरली आणि त्यांत दडलेले आकडे वाचायला सांगितले. पहिले पान वाचता आले. पुढच्या पानांवर मला आकडेच दिसेनात, नुसते ठिपके. लाल आणि हिरवा, हिरवा आणि तपकिरी यांतला फरक माझ्या डोळ्यांना पुरता कळत नाही, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या खोलीत समजले. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. म्हणून तो पुरुषांत जास्त आणि स्त्रियांत फारच क्वचित दिसतो. त्यावर औषध नाही. नोकरी गेली. घरात कोणी रागावले नाही. उलट सगळे फार जपून बोलू लागले, आणि तेच मला अधिक लागले. मग सांगलीला येऊन बी.ए.ला नाव घातले. आता हे शेवटचे वर्ष, आणि पुढे काय, हा प्रश्न दारात उभा आहे.

तर लक्ष्मणरावांकडे परत येऊ. रंग हुकले तेव्हा त्यांनी आपल्याजवळ काय उरले आहे याचा हिशेब केला असावा. उरली होती रेषा. यंत्राच्या आराखड्यात रंग लागत नाही. लागते ती माप पाळणारी रेषा. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, ते साहाय्यक शिक्षक झाले. पगार महिना ४५ रुपये. शिकवण्याच्या वेळेखेरीज उरलेला वेळ ते संस्थेच्या कार्यशाळेत घालवीत. यंत्रे खोलावीत, पुन्हा जोडावीत, नादुरुस्त यंत्र का अडले ते शोधावे. त्यांची खरी पदवी ही. तिचा कागद त्यांना कोणी दिला नाही.

याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. आज सायकल ही गरिबाची गाडी. त्या काळी ते जगातले एक नवे आश्चर्य होते. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ च्या सुमारास बाजारात आणली, आणि डनलॉप यांनी हवेचे टायर १८८८ साली काढले. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले, यावरून या माणसाची नजर किती पुढे होती ते कळते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. शिकवणीची फी १५ रुपये. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हाचे. बेळगावातल्या त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

त्या जुन्या सायकलींच्या ब्रेकविषयी मी मुद्दाम माहिती काढली. पुढच्या चाकावर दांडीने दाबला जाणारा चमच्यासारखा एक तुकडा, तो थेट टायरवर घासायचा. मागे ब्रेकच नसे. मागचे चाक पायडलला कायमचे जखडलेले. ते थांबवायचे तर पायांनी उलटा जोर द्यायचा. मागच्या चाकाच्या आसात बसणारा, पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक अमेरिकेत १८९८ च्या सुमारास आला. म्हणजे वेग आधी आला आणि थांबण्याची सोय मागाहून. माणसाच्या बहुतेक शोधांचा क्रम असाच असतो.

ब्रेकचा विषय मी उगाच काढलेला नाही. साताऱ्याला पोवई नाक्याच्या पुढे माझ्या मामांचे गॅरेज आहे. सुट्टीत मी तिथे असतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे एक जुनी एम.जी. आली. इंग्लंडमध्ये बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. चारही चाकांना ड्रमब्रेक. मालक हौशी गृहस्थ. त्यांना ही गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटाने कासला जायचे होते, आणि उतरताना गाडी थांबत नाही अशी त्यांची तक्रार होती. परदेशी मासिके वाचून त्यांनी ठरवून टाकले होते की मागच्या चाकांना नवे, जबरदस्त डिस्कब्रेक बसवायचे. सामान त्यांनी मागवलेही होते. पुढचे ब्रेक मात्र होते तसेच ठेवायचे, कारण पुढच्या कामाला खर्च जास्त.

मामांनी नकार दिला. मालक चिडले. पैसे देणारा मी, मग तुमची हरकत कसली, असा त्यांचा सूर होता. मामा मोठ्या आवाजात कधीच बोलत नाहीत. त्यांनी एका पाटीवर खडूने गाडीची बाजूची आकृती काढली आणि जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

धावती गाडी थांबवताना तिचा भार पुढे झुकतो. बस थांबली की आपण पुढे कलंडतो, तसेच. पुढची चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात, मागची हलकी होतात. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी. त्याला जोराचा ब्रेक लावला तर ते फिरायचे थांबते आणि नुसते घसरते. पुढचे चाक घसरले तर गाडी सरळ जाते, वळत नाही, हेही वाईटच. पण मागचे चाक आधी घसरले तर गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. घाटात, एका बाजूला दरी असताना, गाडी फिरली म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. म्हणून मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा नेहमी थोडा नरम असावा लागतो. मागचा ब्रेक सुधारायचा तर आधी पुढचा काय करतो ते पाहिले पाहिजे.

मग दोन आठवडे काम चालले. आधी पुढच्या चाकांचे सारे नवे केले. मागचे ड्रम झिजून गोलाई सोडून बसले होते. ते लेथवर टर्न करून घेतले. शूला नवे लायनर बसवले, पिचलेले रबरी पाइप बदलले, ब्रेक ऑइल नवे भरून नळ्यांतली हवा काढली, हँडब्रेकची केबल बदलली. पुढे कधी पुढच्या चाकांना डिस्क बसवले, तर ते चालवायला जादा दाब लागेल, आणि तोच दाब मागेही जाईल. तेव्हा मागच्या चाकातले ब्रेकचे सिलिंडर उलट लहान करावे लागेल, हेही मामांनी मालकांना सांगून ठेवले. इथे शाळेतले गणित उपयोगी पडते. सिलिंडरचा जोर व्यासावर नाही, व्यासाच्या वर्गावर ठरतो. एक इंचाऐवजी सात-अष्टमांश इंचाचे सिलिंडर घेतले तर दिसायला फरक इवलासा. पण जोर सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतो.

या कामात माझ्या वाट्याला मोजमाप आले. तारा जोडण्याचे काम मामेभावाने केले, कारण त्या गाडीतल्या हिरव्या आणि तपकिरी तारा मला सारख्याच दिसत होत्या. मामांनी त्यावर एक अक्षर न बोलता व्हर्नियर माझ्या हातात दिला आणि ड्रमचा व्यास चार ठिकाणी मोजायला सांगितले. दिवसभर मी मोजत होतो. रंगाची तिथे गरजच नव्हती. गाडी आधी सपाट रस्त्यावर रिकामी चालवून पाहिली, मग भार घालून, आणि सगळ्यात शेवटी घाटात. मालक समाधानाने गेले. मागवलेले डिस्क त्यांनी खोक्यासकट परत नेले.

गॅरेजमधल्या या दोन आठवड्यांनी मला लक्ष्मणरावांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली दिली. ते सर्वस्वी नवे यंत्र शोधून काढणारे संशोधक नव्हते. असलेले यंत्र घ्यायचे, खोलायचे, ते आपल्या मातीत कुठे अडते ते पाहायचे, आणि तो भाग सुधारताना त्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्या भागांचा विचार करायचा, ही त्यांची रीत होती.

मुंबईतल्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. विलायती नांगर बाजारात होते, पण ते महाग आणि आपल्या बैलांना, आपल्या जमिनीला जुळणारे नव्हते. आपला लाकडी नांगर माती उकरतो; ती उलथून टाकत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. माती पालथी पडून मुळे उन्हात आल्याखेरीज ती मरत नाहीत. लोखंडी नांगराचे काम हेच. पण त्याचा फाळ मऊ असेल तर झिजतो, आणि सगळाच कडक असेल तर दगडाला लागून तुटतो. टोक कडक आणि अंग चिवट, असा दोन स्वभावांचा एक तुकडा ओतावा लागतो. वितळलेले लोखंड थंड धातूच्या साच्याला लागले की तेवढाच भाग झटकन निवतो आणि कडक होतो. ही ओतकामातली युक्ती आहे. इथेही पुन्हा प्रश्न एका भागाचा नाही, दोन भागांच्या मेळाचा.

नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपण परीक्षेचा निकाल दोन आठवडे लांबला तरी कासावीस होतो. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे वर्षाचे पोट एका जमिनीवर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूविषयी शंका घ्यावी यात त्याचा काय दोष? नांगर सुधारला होता, विश्वास सुधारायचा राहिला होता. तो प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून आणि वापरणाऱ्याच्या तक्रारी ऐकूनच मिळणार होता.

व्यवसायाला बरे दिवस येतात न येतात तोच बेळगाव नगरपालिकेच्या आदेशामुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे, माणसे, संसार घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंधच्या एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी संबंध आला होता. औंध हे आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातले गाव. तेव्हाचे संस्थान मात्र तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले : औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेल्या चित्रांचे आणि शिल्पांचे संग्रहालय औंधच्या टेकडीवर आजही पाहायला मिळते. ज्याची रंगपेटी हुकली त्या माणसाला हात दिला तो एका चित्रकार राजाने, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि भांडवलालाही मदत केली. जागा म्हणजे माळ. निवडुंग माजलेला, पाण्याचा दुष्काळ, सापांचा सुकाळ. मार्च १९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी तिथे उतरली. निवडुंग तोडत, झोपड्या बांधत, त्यांनी एकाच वेळी कारखाना आणि गाव दोन्ही उभारायला घेतले. साकचीला टाटांचे पोलाद-नगर नुकतेच आकार घेत होते, त्या काळातली ही गोष्ट. फरक इतकाच, की टाटांपाशी भांडवल होते आणि इथे होती थोडी यंत्रे आणि जिवाला जीव देणारी माणसे. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे पाहत, मंगेशराव रेगे कचेरी सांभाळीत, अनंतराव फळणीकर ओतकाम बघत आणि रामूअण्णा गावाचा संसार चालवीत.

या वस्तीतली एक गोष्ट आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. किर्लोस्करवाडीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता. ज्यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का बसला होता अशा माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. शेजारपाजारच्यांना हा वेडेपणा वाटला असेल. पण जो माणूस मोडक्या यंत्राला भंगार म्हणत नाही, तो मोडलेल्या माणसाला तरी भंगार का म्हणेल?

पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे थांबले. देशी नांगराला मागणी वाढली, पण ओतायला लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरचे शाहू छत्रपती मदतीला आले. त्यांनी किल्ल्यावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तोफा वितळवल्या गेल्याची मला क्षणभर हळहळ वाटते. पण ज्या रयतेसाठी किल्ले बांधले होते, त्याच रयतेच्या शेतात त्या तोफा पुन्हा उतरल्या, असे मनात येते आणि हळहळ ओसरते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी कारखान्याच्या मालाची माहिती देणारे किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक, आणि तेही चित्रकार! या छोट्या खबरपत्राचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. एका माळावरच्या नांगराच्या कारखान्यातून मराठी साहित्याला एवढे मोठे व्यासपीठ मिळावे, यावरून कला आणि यंत्र यांच्यामध्ये आपण घातलेली भिंत किती पोकळ आहे ते उमगते.

उसाचे चरक, पंप, तेलाची इंजिने, लेथ अशी मालाची यादी वाढत गेली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.त शिकून १९२६ मध्ये परत आले आणि त्यांनी कामाचा पसारा वाढवला. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली.

आणि मग तो काळा अध्याय. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, आणि त्या लाटेत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर जातपात न पाहता माणसे जोडली, तिथेच जातीच्या रागातून आग लागावी, याहून मोठे दुःख कोणते? आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासातले हे पान आपण चटकन उलटतो. ते उलटू नये असे मला वाटते. कोणाला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. वेग आधी येतो आणि थांबण्याची सोय मागाहून येते हे जमावाच्या बाबतीतही खरे आहे, आणि ते लक्षात ठेवले पाहिजे. कारखाना राखेतून पुन्हा उभा राहिला आणि त्याच माळावर पुन्हा यंत्रे चालू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. पुढे वाडीचा तालुका पलूस झाला. गावावरचे शासन इतक्या वेळा बदलले, पण पुणे-मिरज मार्गावरचे कुंडल रोड स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते आणि तिथे आजही पंप बनतात.

आता थोडे आपल्याविषयी. बी.ए. करून काय होणार, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने लग्नकार्यात, एस.टी.त, शेजारच्या ओसरीवर ऐकला आहे. तो विचारणारे दुष्ट नसतात. त्यांना खरोखरच उत्तर हवे असते. लक्ष्मणरावांच्या चरित्रात त्याचे तयार उत्तर नाही. त्यांच्या वाटेने गेलो की सगळे कारखानदार होऊ, असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाला रामूअण्णांसारखा भाऊ आणि बाळासाहेबांसारखा राजा मिळत नाही, हेही खरे आहे. पण एक हिशेब तिथे शिकायला मिळतो. एखादी गोष्ट आपल्याला कायमची नाकारली गेली की आपण गेलेल्याची मोजदाद करीत बसतो. लक्ष्मणरावांनी उरलेल्याची मोजदाद केली. रंग गेले, पण रेषा होती. बढती गेली, पण यंत्राची जाण होती. बेळगावची जागा गेली, पण माणसे बरोबर होती. कारखाना जळला, पण कसब कोणाला जाळता आले नाही.

मी पुढे काय करणार हे ठरवले आहे. पदवीनंतर मी साताऱ्याला मामांच्या गॅरेजात काम शिकायला जाणार आहे, आणि त्याचबरोबर औंध, कुंडल आणि वाडी या भागातल्या जुन्या कारागिरांच्या हकिकती लिहून ठेवणार आहे. ओतारी, लोहार, नांगर दुरुस्त करणारे, चरकाचे दाते बसवणारे, या माणसांचा इतिहास कोणी लिहीत नाही, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्या हकिकती टिपायला इतिहासाचे शिक्षण लागेल आणि कामाची भाषाही यावी लागेल. घरी हे सांगितले तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले की गॅरेजात पहिला पगार किती मिळेल. मी खरा आकडा सांगितला. तो त्यांना आवडला नाही, पण त्यांनी नाहीही म्हटले नाही.

कधी पुण्याहून मिरजेकडे येताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली, तर मित्रहो, खिडकीतून जरा बाहेर पाहा. १९१० साली तिथे निवडुंगाखेरीज काही नव्हते.